तंजावर ते काशी: विमानाने सव्वादोन तास

फोनवर नकाशा उघडा, तंजावरपासून काशीपर्यंत सरळ रेघ ओढा. सुमारे 1,670 किलोमीटर भरतात. ताशी 800 किलोमीटरने जाणारं विमान ही मजल दोन-सव्वादोन तासांत मारेल. आता फोन खिशात टाका. इथून पुढे तो कामाचा नाही. साल 1820 आहे आणि तुम्ही तंजावरच्या राजवाड्याच्या चौकात उभे आहात.

इथले मराठा राजे सरफोजी काशीयात्रेला निघालेत. बरोबर तीनेक हजार माणसं! राहुट्या गुंडाळल्या जातायत, बैलांवर गोण्या चढतायत, कुणाचं तरी तांब्याचं तपेलं सापडत नाहीये. खांबाला टेकून एक कारकून बोरूने मोडीत यादी उतरवतोय. तुम्ही विचारता, "काशी किती लांब हो?"

"मुक्काम किती पडतील ते विचारा, रावजी," तो मानही वर करत नाही.

तुम्ही मनाशी हिशेब मांडता. दिवसाला 20 किलोमीटर धरले, तरी वळणावळणाच्या वाटेने नुसतं जायलाच साडेतीन-चार महिने. तेही बैल धडधाकट राहिले आणि नद्यांनी अडवलं नाही तर. तिरुवैयारूला कावेरी, लगेच पलीकडे कोळ्ळिडम, पुढे कृष्णा, गोदावरी. कृष्णा-गोदावरीवर पूल नाहीत. हत्तीपासून तपेल्यापर्यंत सगळं पाण्यातूनच पार करायचं.

बरं, या राजाला जग केवढं आहे हे सांगायला जाऊ नका. त्याच्या मराठी 'देवेंद्र कुरवंजी'त भविष्य सांगणारी कुरवंजी पृथ्वीचा भूगोल गाऊन सांगते, खंडं आणि देशांसकट. 1799 च्या तहानंतर ईस्ट इंडिया कंपनीने त्याच्या हाती किल्ला आणि आसपासचा मुलूख एवढंच ठेवलं. राज्य असं आक्रसलेलं असताना जगाचा भूगोल रंगभूमीवर आणणारा राजा मला तरी दुसरा आठवत नाही.

प्रयाग, काशी, गया ही त्रिस्थळी उरकून स्वारी तंजावरात परतते तेव्हा 1822 साल उजाडलेलं असतं. सामान उतरवताना जवळ जाऊन बघा: काशीत जमवलेल्या पोथ्या आणि तिथल्या घाटांची चित्रं. यात्रेचं वर्णन त्रिस्थळीच्या मराठी लावण्यांत आलंय, म्हणजे प्रवासवर्णनाचीही सोय झाली.

परत आजच्या तंजावरात या. इथे धावपट्टी आहे, पण हवाई दलाची. 2020 पासून तिथे सुखोई विमानांचा ताफा आहे. तुम्हाला मात्र बॅगा घेऊन साठेक किलोमीटरवरच्या तिरुचिरापल्लीला जावं लागेल आणि वाराणसीसाठी वाटेत विमान बदलावं लागेल. सव्वादोन तासांचा आकडा कागदावरच राहतो, प्रत्यक्षात अख्खा दिवस मोडतो. तेव्हा तिकीट जरा उशिराचं काढा आणि निघण्यापूर्वी राजवाड्यातल्या सरस्वती महाल ग्रंथालयात जाऊन या. सरफोजींचा ग्रंथसंग्रह तिथेच आहे.