वजन तेच, परिणाम वेगळा : नॅनोकणांच्या विषशास्त्राची सुरुवात

नॅनोकणांच्या विषारीपणाचा इतिहास आपण एका साध्या पांढऱ्या भुकटीपासून सुरू करू. टायटॅनियम डायऑक्साइड. भिंतीचा रंग, कागद, टूथपेस्ट, सगळीकडे हाच पांढरा. तो पाण्यात विरघळत नाही, सहसा कशाशी अभिक्रिया करत नाही. त्यामुळे कित्येक वर्षं तो निरुपद्रवी धूळ समजला जायचा. इतका, की घातक धुळींवरच्या प्रयोगांत तुलनेसाठी हाच वापरत.

१९९०च्या सुमारास अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठात ग्युंटर ओबरडॉर्स्टर, युराय फेरीन आणि सहकाऱ्यांनी या भुकटीचे दोन प्रकार उंदरांवर तपासले. एकाचे कण साधारण २५० नॅनोमीटरचे, दुसऱ्याचे २० नॅनोमीटरचे. पदार्थ एकच. पण बारीक कणांनी फुप्फुसांत कितीतरी जास्त दाह निर्माण केला. ते जास्त काळ टिकले आणि वायुकोशांच्या भिंतींतून आतल्या ऊतींमध्येही जास्त प्रमाणात शिरले.

असं का झालं? इथे आपण थोडा हिशेब करू. कणाचा व्यास २५० वरून २० वर आणला, तर तेवढ्याच वजनात कणांची संख्या जवळजवळ २००० पट होते आणि एकूण पृष्ठभाग साडेबारा पट. पेशीचा संबंध येतो तो कणाच्या पृष्ठभागाशी. पुढे याच गटाने दाह वजनाऐवजी पृष्ठभागाच्या हिशेबाने मांडला, तेव्हा दोन्ही भुकट्यांचे आलेख जवळजवळ एकाच रेषेवर आले.

पेशीत काय घडतं तेही बघू. पृष्ठभागावर ऑक्सिजनची अतिक्रियाशील रूपं तयार होतात. ती पेशीपटल, प्रथिनं, डीएनए यांना इजा करतात. पेशीची बचावव्यवस्था अपुरी पडली की दाहाचे संदेश सुटतात, आणि मारा फारच झाला तर पेशी मरते.

२००४ मध्ये केन डोनाल्डसन आणि सहकाऱ्यांनी या अभ्यासाला 'नॅनोटॉक्सिकॉलॉजी' ही स्वतंत्र शाखा मानावी असं सुचवलं. २००८ मध्ये डोनाल्डसन यांच्याच गटाने आणखी एक गोष्ट दाखवली. लांब कार्बन नॅनोट्यूब उंदरांच्या उदरपोकळीत सोडल्या, तर ॲस्बेस्टॉससारखा दाह होतो. आखूड किंवा गुंतलेल्या नळ्यांनी तसा होत नाही. भक्षक पेशीला लांब तंतू पूर्ण गिळताच येत नाही. म्हणजे आकारमानाबरोबर आकारही मोजायला हवा.

इथे एक सावधगिरी पाळू. धुळीचा भार वाढला की उंदरांची फुप्फुसं माणसापेक्षा लवकर बिघडतात. शिवाय श्वासातली धूळ वेगळी आणि त्वचेवरचं क्रीम वेगळं. धडधाकट त्वचेतून हे कण फारसे आत जात नाहीत. तेव्हा प्रश्न मुख्यतः कामगाराचा आहे. भुकटीची पोती भरतो, यंत्रं साफ करतो, तो हीच हवा रोज आठ तास घेतो.

त्याच्यासाठी नियम कधी बदलले? २०११ मध्ये नायॉश या अमेरिकी सरकारी संस्थेने दोन वेगळ्या मर्यादांची शिफारस केली : जाड कणांसाठी घनमीटरला २.४ मिलिग्रॅम, अतिसूक्ष्म कणांसाठी ०.३. एकाच पदार्थासाठी आठपट फरक. प्रयोगशाळेत दिसलेली गोष्ट शिफारशीच्या कागदावर यायला वीसेक वर्षं लागली. आणि लक्षात घ्या, ती अजूनही शिफारसच आहे, आणि मर्यादा अजूनही वजनातच मोजली जाते.