रिकामा नसलेला माळ

कुंभारीहून सायकल काढली की घाट नाही, चढ नाही, नुसता माळ. मित्र विचारतात, "तिथं बघायचं काय?" मी म्हणतो, हळू चालवा, मग दिसेल.

इथंच विडी कामगार बायकांची १०,००० घरं २००६ मध्ये मिळाली. वसाहतीला नाव गोदूताई परुळेकरांचं, १९४५च्या वारली उठावाच्या नेत्या. सोलापूर ओलांडून बार्शी रोडनं नान्नजला गेलात, की १९७९ चं माळढोक अभयारण्य. या पक्ष्याला दाट झाडी नको, उघडं गवत हवं. म्हणून तिथलं 'जंगल' म्हणजे गवतच.

एकाच माळावर कुणाला छप्पर हवं होतं, कुणाला मोकळं आभाळ. पक्षी आता जवळपास दिसेनासा झालाय. त्यामुळे कुणी 'पडीक जमीन' म्हटलं, की मी आधी विचारतो, कुणासाठी पडीक?