साडेतीन मिनिटांची भैरवी

शाहू छत्रपतींच्या दरबारचे गवई अल्लादियाखाँ यांची गायकी आज ऐकावयाची, तर शिष्यवर्गाच्या तबकड्यांवांचून गति नाहीं. गोव्यांतील केरीच्या केसरबाई केरकर १९२१ सालीं त्यांच्याकडे शिकूं लागल्या. सावकाश उलगडणारी ही गायकी तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकडींत कशी मावावी, हा रसिकांचा आक्षेप. वर्गांत मींहि तोच उगाळीत असें. परंतु १९७७ सालीं अमेरिकेच्या व्हॉयेजर यानांतून अंतराळांत गेलेल्या सुवर्ण-तबकडीवर भारतीय संगीत म्हणून निवडली गेली, ती केसरबाईंची तशीच एक छोटी भैरवी. त्याच वर्षीं सप्टेंबरांत बाई निवर्तल्या. आक्षेप खोटा नव्हता. पण मैफली विरल्या आणि अपुरी म्हणून हिणवलेली तबकडीच मागें उरली. यापुढें ती ऐकतांना एवढें ऋण मानूं या.