जळक्या चकतीवरील अक्षरें

आमच्या मालवणच्या किनाऱ्यावर जुन्या कागदांना शत्रु फार. खारी हवा, चार महिन्यांचा पाऊस, वाळवी आणि कसर यांच्या तावडींतून सुटलेलें मोडी दप्तर पुष्कळदां हातीं येतें तें एकमेकांस चिकटलेल्या पानांचा गठ्ठा होऊन. तीं पानें उतावळेपणानें ओढूं नयेत, हा संशोधकाचा पहिला धडा. इतिहासाचार्य राजवाडे यांनीं १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ खंडशः छापलीं, तीं गांवोगांव हिंडून अशाच दप्तरांतून मिळविलेलीं होत.

आतां दप्तराची जागा संगणकाच्या हार्ड डिस्कनें घेतली आहे. तिच्या आंत आरशासारख्या गुळगुळीत चकत्या मिनिटास हजारों फेरे घेतात. त्यांवरील पातळ थरांत चुंबकत्वाच्या रूपानें अक्षरें राहतात, आणि वाचणारा कांटा केसाच्या जाडीहूनहि पुष्कळ कमी अंतरावरून, थराला न शिवतां, फिरत असतो. धक्क्यानें तो चकतीवर टेकला कीं प्रत्येक फेऱ्यागणिक लिखाण खरवडलें जातें. म्हणून खरखर ऐकूं येतांच वीज बंद करावी. पुन्हा पुन्हा चालू करून पाहणें म्हणजे चिकटलेलीं पानें ओढणेंच होय. जाणता कारागीर निर्धूळ खोलींत पेटी उघडतो, कांटा बदलतो, आणि प्रथम साऱ्या मजकुराची नक्कल उतरवून घेतो. नकलेचें हें महत्त्व आमच्या जुन्या कारकुनांस सांगावें लागलें नसतें!

या विद्येची खरी कसोटी कोलंबिया यानाच्या अपघातानंतर लागली. १६ जानेवारी २००३ रोजीं निघालेलें हें अमेरिकन अवकाशयान १ फेब्रुवारीस परततांना टेक्सासच्या आकाशांत भंगलें. कर्नालच्या कल्पना चावला यांच्यासह सातहि अंतराळवीर मृत्यु पावले. सुमारें सहा महिन्यांनीं एका कोरड्या तलावाच्या तळाशीं यानांतील एक हार्ड डिस्क सापडली. झेनॉन वायु ढवळला असतां त्याचा दाटपणा कसा बदलतो, या प्रयोगाची नोंद तीवर होती. कांहीं भाग उड्डाण चालू असतांनाच रेडिओनें पृथ्वीवर पोहोंचला होता. उरलेला या जळक्या पेटींतच अडकला होता.

मिनेसोटा येथील क्रोल ऑनट्रॅक कंपनीचे अभियंते जॉन एडवर्ड्स यांनीं ती उघडली. बाहेरचे भाग वितळले होते, धूळ आंत शिरून चकत्यांवर ओरखडे पडले होते. त्यांनीं चकत्या रसायनानें धुऊन नव्या पेटींत बसविल्या आणि शेंकडा ९९ मजकूर परत मिळविला. येथें एक जुनी गोष्ट उपयोगी पडली. त्या संगणकावर डॉस ही जुनी पद्धति चालत असे. ती मजकूर चकतीभर न विखुरतां एके ठिकाणीं लिहीत जाई. ओरखडे पडले ते कोऱ्या भागावर! प्रयोगाचा निष्कर्ष एप्रिल २००८ मध्यें ‘फिजिकल रिव्ह्यू ई’ या नियतकालिकांत प्रसिद्ध झाला.

कोलंबियाच्याच आणखी दोन डिस्का एडवर्ड्स यांच्याकडे आल्या होत्या. उष्णतेनें त्यांच्या चकत्यांची चुंबकत्व धरून ठेवण्याची शक्तीच गेली होती. त्यांवरील कांहींहि वाचतां आलें नाहीं.