गुरांच्या व्याधींतून मुलांचें औषध



जुन्नर तालुक्यांतील आमच्या बेल्ह्याच्या बैलबाजारांत येणारा शेतकरी बुरसलेल्या वैरणीस वैरी मानतो. त्याच वैरणींतील विषापासून निघालेलें औषध आज कित्येक मुलांचे प्राण राखीत आहे, हें ऐकून नवल वाटेल. परंतु इतिहास तसाच आहे.

1920 नंतरच्या दशकांत कॅनडांत व अमेरिकेच्या उत्तर भागांत गुरें लहानशा जखमेनेंहि रक्त वाहून मरूं लागलीं. स्कोफील्ड नामक पशुवैद्यानें बुरसलेल्या ‘स्वीट क्लोव्हर’ या चाऱ्याकडे बोट दाखविलें. 1933 सालीं विस्कॉन्सिनचा एक शेतकरी मेलेली कालवड व न गोठणाऱ्या रक्तानें भरलेली दुधाची किटली घेऊन, हिमवादळांतून कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेंत पोहोंचला. 1939 सालीं लिंक यांच्या मंडळींनीं तें विष वेगळें काढलें. त्याच जातीचें वॉरफरिन 1948 सालीं उंदरांचें विष म्हणून बाजारांत आलें आणि 1954 सालीं माणसांचें औषध ठरलें! टोचून देण्याचें हेपारिन त्याहून जुनें. त्याचा उगम 1916 सालीं बाल्टिमोर येथें जे मॅक्लीन या विद्यार्थ्याला कुत्र्याच्या यकृतांत सांपडलेल्या द्रव्यांत आहे.

मुलांच्या रक्तांत घातक गुठळी क्वचितच होते. झालीच तर बहुधा मोठ्या आजारांत, शिरेंत ठेवलेल्या नळीमुळें. मात्र घशाच्या दुखण्यामागून येणाऱ्या संधिज्वरानें हृदयाची झडप बिघडून धातूची झडप बसवावी लागली, तर तीवर गुठळी धरण्याचें भय जन्मभर असतें. ती मेंदूंत गेली कीं अर्धांगवायु ओढवतो. अशा मुलास वॉरफरिन नित्य द्यावें लागतें. मात्रा कमी पडली तर गुठळी, अधिक झाली तर रक्तस्राव. म्हणून वेळोवेळीं रक्ततपासणी अवश्य. मेथी-पालकांतील ‘के’ जीवनसत्त्व या औषधास मारक आहे. तरी भाजी बंद करूं नये, प्रमाण मात्र सारखें ठेवावें. आणि वैद्यांस विचारल्यावांचून औषध कदापि थांबवूं नये.

मूल म्हणजे आखूड केलेला मोठा माणूस नव्हे, हें शिक्षकास पहिल्याच वर्षीं कळतें. वैद्यकास तें कळावयास काळ लागला. मुलांची मात्रा दीर्घकाळ मोठ्यांच्या मात्रेवरूनच अदमासानें ठरे. प्रत्यक्ष मुलांवर पारखलेलें डॅबिगॅट्रान हें पोटांत घेण्याचें औषध अमेरिकेंत 2021 सालीं संमत झालें. परंतु धातूची झडप असलेल्यांस तें चालत नाहीं. त्यांचा आधार अद्याप वॉरफरिनच.

यास्तव पालकांनीं मुलाच्या घसादुखीची व तापाची हेळसांड करूं नये. वेळीं दिलेल्या पेनिसिलिननें संधिज्वर टळतो, झडप वांचते, आणि पुढील सारें संकट दाराशींच थांबतें.