परलोकाची उधारी

माणूस मेल्यावर त्याचं काय होतं, हा पंडितांचा प्रश्न आहे असं आपण धरून चालतो आणि सोडून देतो. मोर्चा, निवेदन, गायरान, शिष्यवृत्ती यातून वेळ कुणाला? पण दोस्तांनो, सातारा-सांगलीचा इतिहास चाळताना मला उलटंच दिसत गेलं. मेल्यावर काय होतं याचं उत्तर ज्याच्या मुठीत, त्याच्याच मुठीत जित्या माणसांच्या कामाची वाटणी. सरण कुणी वाहायचं, दक्षिणा कुणी घ्यायची, जळायचं कुणी, हे त्या उत्तरावर ठरलेलं आहे.

आधी वाड्यातलं बघू. १५ डिसेंबर १७४९ ला साताऱ्यात शाहू छत्रपती वारले आणि राणी सकवारबाई सती गेली. शहराच्या पूर्वेला कृष्णा-वेण्णेचा संगम आहे, माहुलीचा. तिथं राजघराण्याच्या समाध्या आहेत, लोक अजून हात जोडतात. ग्रँट डफ हा इंग्रज अधिकारी १८१८ नंतर साताऱ्यात होता. १८२६ साली छापलेल्या आपल्या मराठ्यांच्या इतिहासात त्यानं यामागचा डाव सांगितलाय. गादीच्या वारसावरून भांडण पेटलेलं, राणी पेशव्याच्या विरोधात. नवऱ्यामागं आपण सती जाणार असं ती बोलून गेलेली. पेशव्याच्या माणसांनी तो शब्द पकडला, गावभर केला, माघार घेतली तर घराण्याला काळिमा लागेल अशी तजवीज केली. बाईला स्वर्ग मिळाला आणि साताऱ्याचा कारभार पुण्याला मिळाला. परलोकाची श्रद्धा खरी होती की खोटी हा वाद इथं फिजूल आहे. ती कामाला आली, एवढं पक्कं.

आता गावकुसाबाहेर या.

पाटलाच्या घरात कुणी गेलं की सांगावा महारानं न्यायचा. मध्यरात्र असो, आषाढाचा पाऊस असो, चार गावं पायाखाली घालायची. सरणाची लाकडं त्यानंच वाहायची. आणि मोबदला? मढ्यावरचं कापड. याला म्हणायचं हक्क! बावन्न हक्कांची सनद म्हणून आपले म्हातारे मिशीला पीळ देत सांगायचे, त्यातला हा एक. भटजीचा वाटा वेगळा. वैतरणी पार करायला शेपूट धरावं लागतं म्हणून गाय. निजायला बिछाना. यमाच्या वाटेवर ऊन आणि काटे असतात म्हणून छत्री आणि वहाणांचा जोड. मेलेल्याच्या पायाला पोळू नये याची एवढी काळजी! आणि त्याच मेलेल्याचा सांगावा घेऊन उन्हातनं पळणारा जिता माणूस? त्याला पाटलाच्या आळीतनं जाताना पायातलं काढून हातात घ्यावं लागायचं.

मला बरीच वर्षं एक कोडं होतं. गावात असताना काठीची भीती, बहिष्काराची भीती, हे समजतं. पण मध्यरात्री दोन गावांच्या मधल्या माळावर येसकराच्या मागं कोण असतं? पाटील नाही, कुलकर्णी नाही. झाडाखाली बसावं, झोप काढावी, सकाळी जाऊन म्हणावं, वाट चुकलो. तो बसत नाही. त्याच्या मागं त्याचा मागचा जन्म चालत असतो. छांदोग्य उपनिषदात लिहूनच ठेवलंय की चांगलं वागणाऱ्याला ब्राह्मणाची योनी मिळते आणि वाईट वागणाऱ्याला कुत्र्याची, डुकराची नाही तर चांडाळाची. कुत्रा, डुक्कर, चांडाळ एका रांगेत. मंगळवेढ्याला गावकुसाचं बांधकाम करताना अंगावर भिंत कोसळून मेलेले चोखोबा, त्यांच्या नावावरच्या एका अभंगातही हेच येतं: आधीच्या जन्मी कृष्णाची अवज्ञा झाली म्हणून महाराच्या पोटी आलो. एवढा मोठा माणूस, देवाला जाब विचारणारा, त्यालासुद्धा हे खातं फाडता आलं नाही. जुनं कर्ज फेडायचं चाललंय, नीट फेडलं तर पुढच्या जन्मी सुटका. अशी उधारी. ज्या दुकानात परत कुणी हिशेब मागायला येत नाही तिथली.

आमचं गाव वारणाकाठचं. आज्जी सांगायची, माणूस गेला की जिथं जीव सोडला तिथं पीठ पसरायचे, वर पाटी पालथी घालायचे. सकाळी पाटी उचलून बघायचं, कुणाचं पाऊल उमटलंय. ज्याचं पाऊल त्याचा जन्म. तिची सासू गेली तेव्हा पिठात पाखराच्या पायासारखं काहीतरी दिसलं. सगळ्या बाया रडता रडता थांबल्या. कुणीतरी म्हणालं, "सुटली गं. पाखरू झाली. आता येसकराच्या घरात यायचं न्हाय." आज्जी हे आनंदानं सांगायची. माणसाचं पाऊल उमटलं असतं तर म्हणे घोर लागला असता. माणसाचं, पण कुठल्या माणसाचं?

याच जिल्ह्यात १९०१ साली मसूर स्टेशनवर चार पोरं उतरली होती. त्यात नऊ-दहा वर्षांचा भीमराव. आई भीमाबाई १८९६ साली साताऱ्यातच गेलेली. वडील कोरेगावला दुष्काळी कामावर कॅशियर, त्यांना पत्र वेळेवर मिळालेलं नाही. जात कळली आणि गाडीवाले मिळेनात. दुप्पट भाडं कबूल केलं, गाडी पोरांनी हाकायची, गाडीवान पायी चालणार, तेव्हा कुठं निघाले. जवळ खायला होतं पण रात्रभर पाणी मिळालं नाही. बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवलंय, आपल्यातल्या प्रत्येकानं वाचलंय. वाचताना हा प्रश्न विचारून बघा: या पोरानं काय केलं होतं? या जन्माच्या खात्यात तर एक ओळ सापडत नाही. म्हणूनच मागचा जन्म लागतो. मागचा जन्म नसता तर त्या गाडीवानाला, स्टेशनमास्तराला, सगळ्या गावाला स्वतःला जाब विचारावा लागला असता.

पुढं बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' लिहिताना नेमकं इथंच बोट ठेवलं. पुस्तक इंग्रजीत १९५७ साली, त्यांच्या मागं निघालं. प्रास्ताविकातच त्यांनी जे प्रश्न मांडलेत त्यातला एक आत्मा, कर्म आणि पुनर्जन्म यांचा. बुद्धानं आत्मा नाकारला, मग पुनर्जन्म कशाचा आणि कुणाचा? त्यांनी लावलेला अर्थ थोडक्यात असा: शरीर ज्या पृथ्वी-आप-तेज-वायूचं, ते त्या त्या साठ्यात परत जातात. तोच माणूस, तोच जीव पुन्हा येत नाही. कर्माचं फळ इथंच, याच जगात. आणि मागच्या जन्माच्या कर्मानं माणूस गरीब जन्मतो हे म्हणण्यात एकच हेतू दिसतो, गरिबाच्या अवस्थेची जबाबदारी राज्यावर आणि समाजावर येऊ नये. अशा अर्थाचं त्यात स्पष्ट आहे. आपले कार्यकर्ते बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ म्हणतात, पण श्राद्ध-पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा म्हणताना हा धागा किती जणांच्या ध्यानात असतो?

अर्थात सुरुवात बाबासाहेबांच्याही आधीची आहे आणि तिची मुळं आपल्या जिल्ह्यात आहेत. जोतीरावांचं मूळ गाव खटाव तालुक्यातलं कटगुण. सावित्रीबाई खंडाळा तालुक्यातल्या नायगावच्या. 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ चा. त्यात शेतकऱ्याला गर्भात असल्यापासून मेल्यानंतरच्या श्राद्धापर्यंत धर्माच्या नावानं कसं सोलतात त्याचा हिशेबच मांडलाय. सावकाराचं व्याज मेल्यावर तरी थांबत असेल, हे थांबत नाही. २८ नोव्हेंबर १८९० ला जोतीराव गेले. मिठात पुरावं ही त्यांची इच्छा होती, परवानगी मिळाली नाही. दत्तक यशवंतानं टिटवं धरायला भाऊबंदांनी हरकत घेतली, तेव्हा सावित्रीबाईंनी स्वतः टिटवं धरलं आणि अग्नी दिला. साताऱ्याच्या माहुलीला एक बाई सरणावर चढवली गेली होती. एकशे एक्केचाळीस वर्षांनी साताऱ्याची दुसरी बाई सरणापुढं टिटवं घेऊन चालली.

लोक विचारतात, स्वर्ग नाही, नरक नाही, मग माणूस चांगलं वागेल कशाला? हा प्रश्न मला प्राध्यापकांनी विचारलाय, कीर्तनकारानं विचारलाय, एस.टी.त शेजारी बसलेल्या माणसानं विचारलाय. सावित्रीबाई १८९७ च्या प्लेगात मुंढव्याच्या महारवाड्यातलं आजारी पोर पाठीवर घेऊन दवाखान्यात गेल्या आणि त्याच रोगानं १० मार्चला संपल्या. त्या पोराला उचलताना गायीचं शेपूट त्यांच्या हातात नव्हतं. आणि स्वर्ग मानणारे तेव्हा काय करत होते, हेही विचारावं.

मांगवाड्यातली एक गोष्ट इथं आठवते. अण्णाभाऊ साठे वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचे, जन्म १९२०. त्यांच्या 'स्मशानातील सोनं' कथेतला भीमा वारणाकाठचा, पोटासाठी मुंबईला गेलेला. खाणीचं काम सुटतं आणि तो मसणात सोनं हुडकायला लागतो. लोक मेलेल्याच्या तोंडात सोन्याचा तुकडा घालतात, पुढच्या प्रवासाला. भीमा राखेतनं, मातीतनं ते उकरून काढतो, कोल्ह्यांशी झुंजतो. भुताला तो भीत नाही, उपाशी पोर दिसत असेल तर भूत दिसत नाही. शेवटी मढ्याच्या जबड्यात त्याची बोटं अडकतात आणि जातात. आणि लगेच खाण पुन्हा सुरू झाल्याची खबर येते. समीक्षकांनी या कथेला भयकथेसारखं वाचलंय. मला ती अर्थशास्त्राची वाटते. मेलेल्याला सोनं आणि जित्याला काम नाही.

१९५६ नंतर काय बदललं? ७ डिसेंबरला दादरला बाबासाहेबांची चिता पेटली, तिथंच भदंत आनंद कौसल्यायनांच्या हातून लाखावर माणसांनी दीक्षा घेतली. जगात असा अंत्यविधी क्वचितच झाला असेल, जिथं मेलेल्याच्या आत्म्यासाठी काही मागितलं नाही आणि जित्यांनी आपलं आयुष्य बदललं. आमच्या गावात देव वारणेत सोडले. आज्जानं सांगावा न्यायचं बंद केलं. "तुमचं मढं, तुमी सांगा," एवढंच म्हणाला. गावकीनं पाणी तोडलं, दुकान तोडलं, मजुरी तोडली. १९५८ साली कनिष्ठ गावकामगारांची वतनं रद्द करायचा कायदा झाला. पण कागदावर वतन जाण्याआधी आज्जाच्या डोक्यातनं गेलं होतं. पुढच्या जन्मी फेडायचं काही उरलं नाही, तेव्हा याच जन्मीचं सुचलं. त्यानं पोरांना शाळेत घातलं. आज्जी मात्र पीठ आणि पाटी विसरली नाही. आज्जा गेला तेव्हा त्रिशरण-पंचशील झालं, आणि रात्री ती कोपऱ्यात हळूच पीठ पसरताना मी बघितली. सकाळी तिनं काय बघितलं, सांगितलं नाही.

अलीकडचं सांगायचं तर साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर. मिरजेला डॉक्टरकी शिकले, १९८९ मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती काढली. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात गोळ्या घातल्या. देहदानाची इच्छा होती, पण खुनामुळं शवचिकित्सा करावी लागली आणि देह उपयोगाचा राहिला नाही. साताऱ्यात कुठलाही विधी न करता दहन झालं, अग्नी मुलीनं दिला, राख शेतात टाकली. जादूटोणाविरोधी कायदा त्यांच्या हयातीत अडकून पडला होता, तो त्याच वर्षाच्या डिसेंबरात झाला.

आता आपल्या घरातलं. आपण पिंड सोडला, कावळा सोडला. पण जलदान धरलं. तिसऱ्या दिवशी, पाचव्या दिवशी, कुठं दहाव्या दिवशी. मांडव, लाऊडस्पीकर, तीनशे-चारशे पानं, पुढाऱ्यांची श्रद्धांजलीची भाषणं, पाहुण्यांचे टॉवेल-टोप्या. पुण्यानुमोदन म्हणजे केलेल्या चांगल्या कामाचं पुण्य मेलेल्याला वाटायचं. मग विचारतो, घेणारा कोण? आत्मा नाही म्हटलं तर पुण्य पोचतं कुठं? माणसं जमावीत, रडावं, गेलेल्याबद्दल बोलावं, याला माझी ना नाही. दुःख प्रतिज्ञेनं जात नाही. पण ऊसतोडीची उचल घेऊन जलदान करणारी घरं मी बघितलीत. मुकादमाचं ते कर्ज फेडायला पोरगी शाळा सोडून फडावर जाते. परलोकाचं दुकान बंद झालं, वसुली चालू आहे.

आमच्या वस्तीत यावर बैठक झाली. जेवण बंद करून तो पैसा विहारातल्या अभ्यासिकेला द्यायचा, असं तरुणांनी मांडलं. बराच वेळ वाद झाला. एक म्हातारी उठली आणि म्हणाली, "बाबांनो, पैका द्या कुटं बी. पर माझं मानूस गेल्यावर चार दिस माझ्या दारात कुनी यायचं का न्हाय, ते आदी सांगा." कुणाजवळ उत्तर नव्हतं. मग ठरलं: जेवण नाही, पण पंधरा दिवस रोज संध्याकाळी दोन घरांनी त्या घरी जाऊन बसायचं, भाकरी घेऊन. वही घातलीय, कुणाची पाळी कधी ते लिहायला. आजवर तीन घरी झालं. चौथ्या घरानं मांडव घातला.

तुमच्याकडे, जत-आटपाडीला, माण-खटावला, कऱ्हाड-पाटणला काय चाललंय? आपापल्या वस्तीत जलदानाला किती खर्च होतो, तो कुठून येतो, कर्ज असेल तर कुणाचं, हे विचारून लिहून पाठवा.