घरात सायकल चालवताना पंखा कोणता घ्यावा, आणि तो ठेवावा कुठे?

पावसाळा लागला की अनेकांची सायकल रस्त्यावरून थेट हॉलमध्ये येते. मागचं चाक ट्रेनरवर चढतं, समोर मोबाईल किंवा टीव्ही लागतो आणि व्यायाम सुरू होतो. काहींकडे जिममध्ये असते तशी एका जागी उभी असलेली व्यायामाची सायकलच असते. दोघांचाही अनुभव मात्र सारखा असतो. रस्त्यावर दीड-दोन तास आरामात पॅडल मारणारा माणूस घरात अर्ध्या तासात गळून जातो. सायकलखाली घामाचं थारोळं, चेहरा लालबुंद आणि घड्याळात हृदयाचे ठोके नेहमीपेक्षा पंधरा-वीसने जास्त.

मग कुणी म्हणतं ट्रेनर जड आहे, कुणी म्हणतं स्टॅमिना गेला. बहुतेक वेळा यातलं काहीच खरं नसतं. घरात फक्त वारा नसतो.

शरीर किती तापतं?

सायकल चालवताना आपण जी ऊर्जा खर्च करतो, तिच्यातली साधारण २० ते २५ टक्केच पॅडलपर्यंत पोहोचते. उरलेल्या सगळ्या ऊर्जेची उष्णता होते. समजा तुम्ही पॅडलवर १५० वॅट लावताय. हौशी सायकलस्वाराच्या मानाने हा मध्यम जोर आहे. अशा वेळी शरीरात ५०० वॅटच्या आसपास उष्णता तयार होत असते. म्हणजे जुने ६० वॅटचे आठ-नऊ पिवळे बल्ब अंगात एकदम लावल्यासारखं.

ही उष्णता बाहेर टाकायला शरीराकडे मुख्य साधन एकच, घाम. १ ग्रॅम घाम वाळताना साधारण २.४ किलोज्यूल उष्णता घेऊन जातो. त्या हिशोबाने वरची सगळी उष्णता घामावाटे काढायची असेल, तर तासाला जवळपास पाऊण लिटर घाम वाळायला हवा. यात महत्त्वाचा शब्द आहे ‘वाळायला’. जो घाम हनुवटीवरून जमिनीवर टपकला, तो काही न करता गेला. शरीराचं पाणी आणि मीठ गेलं, गारवा मात्र मिळाला नाही.

म्हणून सायकलखालच्या थारोळ्याचा फोटो टाकून ‘आज काय घाम गाळला’ म्हणणाऱ्यांनी जरा थांबावं. ते थारोळं मेहनतीचं माप नाही. घाम वाळायला वारा अपुरा पडला, एवढंच ते सांगतं. घामावाटे चरबी निघून जाते, हाही असाच एक पक्का बसलेला गैरसमज. दारं-खिडक्या बंद करून किंवा रेनकोट घालून सायकल चालवली की वजनकाट्यावर जे कमी दिसतं ते पाणी असतं. दोन-तीन ग्लास पाणी प्यायलं की ते परत येतं.

रस्त्यावर १५० वॅट लावले, तर सपाटीला ताशी २५ किलोमीटरच्या आसपास वेग मिळतो. म्हणजे तितक्याच वेगाचा वारा पूर्ण वेळ, फुकटात, अंगावर येत असतो. त्यामुळे रस्त्यावर आपल्याला घाम आलाय हेसुद्धा सिग्नलला थांबल्यावर कळतं. घरात हा वारा शून्य. मग शरीर त्वचेकडे जास्त रक्त पाठवायला लागतं. पायांनाही रक्त हवं आणि कातडीलाही हवं, त्यात घामामुळे रक्तातलं पाणी कमी होत जातं. या ओढाताणीत जोर तेवढाच असूनही ठोके हळूहळू चढत राहतात.

मग वारा किती हवा?

इथे एक प्रयोग उपयोगी पडतो. २००५ साली दक्षिण आफ्रिकेतल्या संशोधकांनी सायकलपटूंना ३३ अंश तापमानात आणि साधारण ६० टक्के आर्द्रतेत दोन-दोन तास एका जागी सायकल चालवायला लावली. आपल्या किनारपट्टीच्या हवेशी हे बरंच जुळतं. एकदा वारा जवळजवळ बंद, एकदा ताशी १० किलोमीटर, एकदा सुमारे ३३ आणि एकदा ५०. पहिल्या दोन वेळी शरीरात जास्त उष्णता साठली आणि श्रमही जास्त जाणवले. ३३ आणि ५० मध्ये मात्र फरक दिसला नाही.

याचा व्यवहारातला अर्थ सोपा आहे. मंद झुळूक पुरत नाही आणि वादळाची गरज नाही. रस्त्यावर जेवढा वारा लागला असता, साधारण तेवढा अंगावर यायला हवा. पंखा निवडताना एवढाच निकष धरला तरी अर्धे पर्याय आपोआप गळतात.

हा वेग मोजायला छोटं वाऱ्याचं मीटर ऑनलाइन मिळतं. ते बहुधा मीटर प्रति सेकंदात आकडा देतं, त्याला ३.६ ने गुणलं की ताशी किलोमीटर मिळतात. ७ आला तर ताशी २५ झाले. मीटर नको असेल तर वर्तमानपत्राचा सुटा कागद घ्या. वाऱ्याच्या बोफर्ट मापनात ताशी २० ते २८ किलोमीटरचा वारा म्हणजे धूळ आणि सुटे कागद उडवणारा वारा. पंखा लावून सीटच्या जागी कागद धरा आणि सोडा. कागद नुसता फडफडून खाली पडला तर वारा कमी आहे.

कुठला पंखा चालेल, कुठला नाही

छताचा पंखा आधी बाजूला ठेवू. तो खूप हवा हलवतो, पण ती खोलीभर पसरवतो. त्याच्या खाली बसल्यावर अंगाला लागणारा वारा साधारण सेकंदाला १ ते २ मीटर, म्हणजे ताशी चार ते सात किलोमीटर. शिवाय सायकलवर वाकलेल्या माणसाच्या फक्त पाठीवर. जेवायला बसायला तो उत्तम, इथे अपुरा. चालू जरूर ठेवा, पण त्याच्या भरवशावर राहू नका.

टॉवर फॅन दिसायला छान आणि आवाजाला कमी असतो. पण त्याचा वारा झोपेसाठी केलेला आहे. यूएसबीवर चालणारे छोटे पंखे म्हणजे निव्वळ खेळणं. बिनपात्यांचे महागडे पंखे या कामासाठी घेऊच नका, पैसे रूपासाठी जातात.

बहुतेक घरांसाठी योग्य उत्तर फारच साधं आहे: ४०० मिमीचा, म्हणजे १६ इंची, हायस्पीड टेबल, वॉल किंवा स्टँडचा पंखा. तो दोन ते चार हजार रुपयांत कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो. खोक्यावर तीन आकडे बघा. पहिला पात्यांचा घेर, तो मिमीमध्ये असतो. दुसरा फेऱ्यांचा वेग, म्हणजे आरपीएम. साधे पंखे १३००-१४०० च्या आसपास फिरतात, हायस्पीड म्हणून विकले जाणारे त्याहून बरेच जास्त. तिसरा आकडा हवेचा, सीएमएम, म्हणजे मिनिटाला किती घनमीटर हवा. परदेशी साइटवर हाच आकडा सीएफएममध्ये, म्हणजे घनफुटात असतो. १ सीएमएम म्हणजे ३५.३ सीएफएम. त्यामुळे तिकडच्या पंख्याचा मोठा आकडा बघून आपला पंखा कमी समजू नका. आणि हेही लक्षात ठेवा की सीएमएम हवा किती ते सांगतो, ती किती वेगाने अंगावर येणार ते नाही. म्हणून छताच्या पंख्याचा सीएमएम टेबल फॅनच्या कितीतरी पट असूनही इथे तो हरतो.

घरात स्टँडचा पंखा आधीच असेल तर नवा घेण्याआधी त्याची जाळी आणि पाती पुसून बघा. धुळीचा थर बसलेला पंखा चांगलाच मंदावतो.

लग्नाच्या हॉलमध्ये असतात तसे जंबो पंखे वारा भरपूर देतात, पण फ्लॅटमध्ये त्यांच्या आवाजात ना गाणी ऐकू येतात ना दारावरची बेल. गालिचे वाळवायचे असतात तसे ब्लोअर हा आणखी एक पर्याय. अमेरिकेतल्या घरगुती सायकलस्वारांमध्ये ते फार लोकप्रिय आहेत, कारण त्यांचा झोत अरुंद असतो आणि लांबपर्यंत टिकतो. वाहू या कंपनीने २०१८ साली खास याच कामासाठी हेडविंड नावाचा ब्लोअर आणला. ठोके वाढले किंवा सायकलचा वेग वाढला की तो आपोआप जोरात वाहतो. कल्पना मस्त आहे. पण तेव्हा त्याची किंमत २४९ डॉलर होती आणि तेवढ्या पैशांत आपल्याकडे पाच-सहा चांगले टेबल फॅन येतील. व्यायामाच्या मधे उतरून बटण दाबायचा कंटाळा एवढा महाग पडावा असं वाटत नाही. रिमोटचा वॉल फॅन घेतला तरी काम होतं.

बंद खोली: खरी अडचण इथे आहे

पंखा कितीही जोरदार असला तरी तो हवा गार करत नाही. ती फक्त फिरवतो. घाम वाळून कुठे जातो? त्याच खोलीच्या हवेत.

१० बाय १० ची, १० फूट उंच खोली धरा. तिच्यात साधारण २८ घनमीटर हवा मावते. ३० अंशाला एक घनमीटर हवा जास्तीत जास्त ३० ग्रॅम बाष्प धरू शकते, म्हणजे अख्खी खोली सुमारे ८५० ग्रॅम. मुंबई, ठाणे, रत्नागिरी किंवा पणजीत पावसाळ्यात आर्द्रता ७० टक्के असेल, तर त्यातले ६०० ग्रॅम आधीच भरलेले असतात. उरले अडीचशे. आणि तुम्हाला तासाला पाऊण लिटर घाम वाळवायचा आहे. खोली खरोखर पूर्ण बंद असेल, तर वीस मिनिटांत जागा संपली. त्यानंतर तोच पंखा दमट हवा अंगावर मारत राहतो आणि घाम टपकायला लागतो. पंचविसाव्या मिनिटाला गळून जाण्याचं कारण अनेकदा हेच असतं.

त्यामुळे खिडकी उघडणं हे दुसरा पंखा घेण्याइतकंच महत्त्वाचं आहे. बाहेर पाऊस पडत असला तरी उघडा. सगळ्यात चांगली मांडणी अशी: पंख्याची पाठ उघड्या खिडकीकडे, तोंड तुमच्याकडे आणि तुमच्या मागचं दार उघडं. म्हणजे बाहेरची हवा आत येते, अंगावरून जाते आणि बाष्प घेऊन दाराने निघून जाते. स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट चालू ठेवला तर ही ओढ आणखी वाढते.

एसी असेल तर तो हवेतलं पाणीही काढतो, म्हणून बंद खोलीत त्याचा दुहेरी फायदा होतो. तरीही पंखा लागतोच, कारण एसीचा वारा लांबून आणि हळू येतो. कूलरचं गणित मात्र गावागणिक बदलतं. नागपूर, अकोला, जळगावच्या कोरड्या उन्हाळ्यात खिडकी उघडी ठेवून लावलेला कूलर उत्तम चालतो. तोच कूलर कोकणात लावणं म्हणजे आधीच दमट असलेल्या खोलीत आणखी पाणी ओतणं.

विदर्भातल्या मे महिन्याबद्दल एक वेगळी सूचना. खोलीचं तापमान ४० अंशांच्या वर असेल, तर पंख्याने शरीर उलट तापतं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. अशा दिवशी पंख्याच्या जोरावर दुपारचा व्यायाम करू नका. पहाटे पाचला करा, नाहीतर सुट्टी घ्या.

ठेवायचा कुठे?

समोर, एक ते दीड मीटरवर. त्याहून लांब गेला की झोत पसरतो आणि वेग झपाट्याने पडतो. उंची अशी ठेवा की वारा छाती आणि पोटावर लागेल. थेट चेहऱ्यावर तासभर वारा घेतला तर डोळे आणि घसा कोरडा पडतो. पंख्याचं डावी-उजवीकडे फिरणं बंद करा. फिरता पंखा तुम्हाला अर्ध्याहून कमी वेळ वारा देतो.

एक पंखा पुरत नसेल तर मोठा घेण्यापेक्षा दुसरा तसाच घेऊन मागून तिरका, पाठीवर लावा. वाकलेल्या अंगाची पाठ समोरच्या वाऱ्यापासून लपते आणि घाम तिथेच जास्त साचतो. पंखा पहिल्या मिनिटापासून पूर्ण वेगात नको. वॉर्मअप होऊ द्या, पण घाम दिसायच्या आधी सुरू करा.

घरातली ज्येष्ठ मंडळी इथे हमखास टोकतील की घामाच्या अंगावर पंख्याचा वारा घेऊ नये, बाधतो. सर्दी विषाणूंमुळे होते, वाऱ्यामुळे नाही. आणि व्यायाम चालू असताना घामावर वारा घेणं हेच तर पंख्याचं काम आहे. पण त्यांच्या म्हणण्यात एक गोष्ट बरोबर आहे. व्यायाम संपल्यावर शरीर उष्णता कमी बनवतं, कपडे मात्र ओलेच असतात. तेव्हा हुडहुडी भरू शकते. पंखा मंद करा आणि कपडे बदला.

चक्कर, मळमळ, उकाड्यातही अंगावर काटा येणं किंवा गोंधळल्यासारखं वाटणं यातलं काहीही झालं तर लगेच उतरा आणि गार व्हा. गोंधळलेपण जात नसेल तर दवाखान्यात जायला उशीर करू नका. रक्तदाबाच्या काही औषधांमुळे शरीरातलं पाणी किंवा ठोक्यांचा वेग बदलतो. ती चालू असतील तर जोराचा व्यायाम सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा.

एक्स्टेन्शन बोर्ड सायकलखाली किंवा पुढच्या चाकाजवळ जमिनीवर ठेवू नका, घाम तिथेच पडतो. तो खुर्चीवर किंवा भिंतीवर घ्या. हँडलवर टॉवेल टाका, कारण खारट घाम हँडलच्या टेपखाली आणि स्क्रूंमध्ये शिरून गंज चढवतो.

पंखा लावल्यावर फरक पडला का, हे तपासायचं असेल तर दोन वेगळ्या दिवशी साधारण सारख्याच हवेत, त्याच वेळी, त्याच गिअरमध्ये ४० मिनिटं सायकल चालवा. एकदा जुन्या मांडणीत, एकदा नव्या. शेवटच्या दहा मिनिटांतले ठोके लिहून ठेवा. आधी आणि नंतर घामाचे कपडे काढून वजनही करा. मधे प्यायलेलं पाणी धरून जेवढं वजन घटलं तेवढा घाम गेला, १ किलो म्हणजे जवळपास १ लिटर. नव्या मांडणीत ठोके खाली आले आणि जमीन कोरडी राहिली, तर पंखा योग्य जागी आहे. नसेल तर पंखा बदलण्याआधी खिडकी तपासा.